इंजिनावरचं झाकण वर थांबत नाही

प्रश्न : माझी 23 फुटी फायबरची बोट मांडव्याला असते. इंजिनावरचं झाकण उचललं की वर थांबत नाही. परवा मुलगा आत हात घालून डिझेल फिल्टर पाहत होता आणि झाकण धाडकन खाली आलं. बोटं थोडक्यात वाचली. दोन्ही गॅस स्ट्रट (झाकण वर धरून ठेवणारे गॅसचे आधार) गंजलेत, त्यांच्यावरचे आकडे पुसलेत. गाडीच्या डिकीचे बसवू का? एकच बदलला तर चालेल? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : मुलाची बोटं वाचली हे वाचून जिवात जीव आला. माझ्याकडे कामाला असलेल्या एका पोराचं वाचलं नव्हतं. मधल्या बोटाचं पेर गेलं. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये आधी टेकू, मग हात. नवे स्ट्रट येतील तेव्हा येतील, तुम्ही आजच एक जाड लाकडी पट्टी कापून बोटीत ठेवा. तिच्या वरच्या टोकाला खाच पाडा, म्हणजे झाकणाची कड त्यात बसेल. नुसता झाडूचा दांडा लावू नका. लाटेवर बोट डुलली की तो निसटतो.

स्ट्रट म्हणजे एक बंद नळी आणि तिच्यातून आत-बाहेर सरकणारा दांडा. नळीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो आणि थोडं तेल असतं. खाऱ्या हवेने दांड्यावर बारीक खड्डे पडतात. टेकू लावून दांड्यावरून नख फिरवून बघा, जागोजागी अडकेल. प्रत्येक उघडझापीला तोच खडबडीत दांडा आतलं सील कानशीसारखं घासतो, आणि गॅस निसटत जातो. तो पुन्हा भरण्याच्या खटपटीत पडू नका.

डिकीचे बसवू नका. ते साध्या पोलादाचे असतात, खाऱ्या हवेत लगेच तांबेरतात, आणि त्यांचा जोर त्या गाडीच्या डिकीसाठी ठरवलेला असतो. 316 स्टेनलेसचे (खाऱ्या हवेत टिकणाऱ्या पोलादाच्या प्रतीचे) घ्या. महाग पडतील, पण समुद्रावर तेच टिकतात. बदलायचे तर दोन्ही एकदम. एक जोरकस आणि एक दमलेला असला की झाकण पिळवटतं आणि बिजागरीचे स्क्रू फायबरमधून उपटून येतात.

माप असं घ्या. झाकण पूर्ण उघडं ठेवून एका बॉलच्या (स्ट्रटचं टोक ज्या गोळीवर बसतं तिच्या) मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत, आणि झाकण बंद असताना पुन्हा तेच. नवा स्ट्रट पूर्ण दाबल्यावर या दुसऱ्या मापापेक्षा आखूडच हवा, नाहीतर झाकण बंदच होणार नाही.

आता जोर. आकडे पुसलेत म्हणून अंदाजाने घेऊ नका. एकाला झाकण धरायला लावून दोन्ही स्ट्रट काढा. मासळी तोलायचा स्प्रिंगचा काटा झाकणाच्या पुढच्या कडेला अडकवा आणि झाकण नेहमीच्या उघड्या कोनात काट्यावर तोलून धरा. काटा झाकणाशी काटकोनात हवा. समजा 6 किलो दिसले. बिजागरी ते कड हे अंतर समजा 90 सेंटीमीटर. मग स्ट्रटच्या दोन बॉलमध्ये दोरा ताणा आणि बिजागरीपासून त्या दोऱ्यापर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा, समजा 20. स्ट्रटचा जोर न्यूटनमध्ये मोजतात. एका किलोला साधारण 10 न्यूटन धरले, तर 6 × 10 × 90 भागिले 20, म्हणजे 270 न्यूटन. दोघांत वाटून 135. त्यावर थोडा वाव ठेवून 160चा घ्या. एकदम 300चा घ्याल तर झाकण बंद करताना बिजागरीवर ताण येईल.

बसवताना झाकण बंद असेल तेव्हा दांडा खाली आणि नळी वर राहील असं बघा. मग तेल सीलवर राहतं. उलटे बसवलेले स्ट्रट मी लवकर गळताना पाहिलेत. बॉलवरची क्लिप बारीक पेचकसाने हलकेच उचकटा, पूर्ण काढू नका, पाण्यात पडली तर सापडत नाही.

जुने स्ट्रट ग्राइंडरने कापू नका, तापवू नका. गळले असले तरी आत दाब उरलेला असतो. भंगारात देताना ‘आत गॅस आहे, कापू नका’ असं प्रत्येकावर रंगाने लिहा आणि भंगारवाल्याला तोंडानेही सांगा.