पी-३८ आणि जेएनके ही ताणात जागी होणारी एन्झाइम संसर्गात काय करतात? औषधाने बंद का करत नाहीत?

मे महिन्यात आपण सोलापूरकर भाजून निघतो, तशी पेशी तापली की ही एन्झाइम जागी होतात. गंमत म्हणजे जंतूंच्या भिंतीतल्या विषानेही तीच जागी होतात. पी-३८ तर १९९४ साली त्या विषाचा अभ्यास करतानाच हाती लागलं. मग टीएनएफसारखे (पेशींनी सोडलेली प्रथिनं) निरोप सुटतात, सूज येते, ताप चढतो. हा शरीराचा बचावच.

जंतूही बेरके. शेळ्यामेंढ्यांना होणाऱ्या फाशीचा, म्हणजे काळपुळीचा जंतू या दोघांना चालू करणारी वरची एन्झाइमच कापून टाकतो. प्लेगचा जंतू त्याच वरच्या एन्झाइमांवर अ‍ॅसिटिल गट (एक छोटा रासायनिक तुकडा) चिकटवून त्यांना गप्प करतो. म्हणून ‘सरळ बंद करा’ हे मला घाईचं वाटतं. जंतूचंच काम आपण करून द्यायचो. सेप्सिसमध्ये, म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद हाताबाहेर गेल्यावर, मात्र पी-३८ आणि जेएनके हीच मोकाट सुटून अवयवांची हानी वाढवतात.