माहिती वस्तूच्या रचनेतच असते, की कुणीतरी अर्थ लावल्यावर ती माहिती होते?

रचनेत असते. अर्थ मागाहून येतो, नाही आला तरी माहिती जागेवरच. माहिती-सिद्धांताचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननने १९४८ च्या पेपरात पहिल्याच पानावर अर्थ बाजूला काढून ठेवला, आणि १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लँडॉअरने सांगितलं की एक बिट, म्हणजे ० किंवा १ एवढी माहिती, पुसायचा तर थोडी तरी उष्णता बाहेर पडणारच, २०१२ मध्ये ती प्रयोगात मोजलीही. पुसायला ज्याला ऊर्जा लागते ते नुसतं डोक्यात कसं असेल?

पण मी लिहायला बसलो ते आमच्या काकांमुळे. शनिवार पेठेतला वाडा पाडायचा ठरला तेव्हा माळ्यावर मोडी कागदांचा एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, निघाला. काका स्वतः इंजिनिअर, सगळ्यांसमोर म्हणाले, "घरात कुणाला वाचता येतं का? नाही ना? मग यात माहिती शून्य, रद्दीत घाला." मला ते इतकं लागलं की मी रुमाल उचलून सरळ कोथरूडला घरी घेऊन आलो. मोडीत आधी ओळभर रेघ ओढायची, मग हात न उचलता लिहीत जायचं, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, त्यामुळे नवख्याला नुसती वळवळ दिसते. मोडी जाणणाऱ्या एका बाईंनी वाचून दिलं तर एका कागदात गावच्या विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या निघाल्या, कुठल्या भावाचा कुठला वार, खाली साक्षी. ज्या पाळीवरून काकांनी चुलत्यांशी बोलणं टाकलं तीच पाळी! मुद्दाम दुसऱ्या वाचकाला दाखवला, त्यांनीही तेच वार सांगितले. दोघांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. अर्थ बाईंच्या डोक्यातून आला असता तर हे जुळलं कसं?

यावर चुलतभाऊ म्हणतो, मोबाईलवर फोटो काढले ना, आता मूळ कागद कशाला? अरे, फोटोत कागद उजेडात धरल्यावर दिसणारं वॉटरमार्क येतं का? मागच्या बाजूचा शिक्का येतो का? तारीख खरी की मागाहून घातलेली हे त्यावरूनच तर ठरवतात.

हां, एक गोष्ट मान्य करावी लागेल. रचनेतलं कुठलं वळण काय सांगतं हे वाचणाऱ्या यंत्रणेवर असतं. जनुकांच्या लिपीतली यूजीए ही तीन अक्षरं आपल्या पेशीत प्रथिन बनवताना एरवी 'थांब' सांगतात, पण त्याच पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, तीच ट्रिप्टोफॅन हा प्रथिनाचा घटक जोडायला सांगतात. म्हणजे अर्थ बदलू शकतो. पण अक्षरं तीन आणि त्याच क्रमाने, ते कोणी वाचो न वाचो.

तुमच्याकडे असे कागद असतील तर लॅमिनेशन अजिबात करू नका, सुती कापडात सपाट ठेवा आणि सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी करा, १९१० पासून ते हेच काम करतायत. आणि काका, तुम्ही वाचत असाल तर पाळीच्या कागदाचं लिप्यंतर पाठवलंय, बुधवार चुलत्यांचाच आहे.