विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी डॉल्फिनसोबत उतरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा : लातूरहून चौघं जाणार, चौघांनाही विहिरीतलं पोहणं येतं. तारकर्लीला डॉल्फिनसोबत पोहता येईल का, आणि नाही तर कुठं, तयारी काय करायची?

तारकर्लीला नाही. जादा पैसे घेऊन कुणी ‘उतरवतो’ म्हणाला तरी नाही. आपल्याकडचे सगळे डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्या कायद्यात ‘शिकार’ म्हणजे नुसतं मारणं नाही. प्राण्याला हाकणं, आमिष दाखवणं हेही त्यातच मोडतं. शिवाय उतरून दिसणार काय? कोकणात काठाजवळ दिसतो तो पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन. तो खाड्यांच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात मासे धरतो. तिथं पाण्याखाली डोळे उघडले तर स्वतःचे पायसुद्धा नीट दिसायचे नाहीत. तेव्हा तारकर्ली, देवबाग किंवा दापोलीजवळच्या मुरूडला तो होडीतूनच बघा. ऑक्टोबर ते मे, सकाळी सात ते नऊ, वारा उठायच्या आत. ‘पाठलाग करू नका, इंजिन मंद ठेवा’ हे नावाड्याला निघण्याआधीच सांगा. समुद्रात गेल्यावर बाकीच्या होड्या पळायला लागल्या की त्याचाही हात थांबत नाही.

परदेशातही सगळीकडे परवानगी नाही. हवाईत २०२१ पासून किनाऱ्याजवळच्या स्पिनर डॉल्फिनपासून ५० यार्ड, म्हणजे साधारण ४५ मीटर, लांब राहावं लागतं. कारण साधं आहे : हा डॉल्फिन रात्रभर खोल पाण्यात शिकार करतो आणि दिवसा उथळ उपसागरात झोप काढतो. सकाळची सहल त्याच्या झोपेतच शिरते. न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये बॉटलनोज डॉल्फिनसोबत पोहणं २०१९ मध्ये बंद झालं. त्याच देशात कायकोराला मात्र डस्की डॉल्फिनसोबत परवानाधारक बोटीतून उतरता येतं. दुसरी जागा इजिप्तमधलं मर्सा आलमजवळचं समदाई. घोड्याच्या नालेच्या आकाराचं हे प्रवाळ आहे. आतला भाग डॉल्फिनसाठी राखून ठेवलेला असतो आणि माणसांनी तरंगत्या खुणांच्या बाहेरच पोहायचं. डॉल्फिन आपणहून बाहेर आला तर आला. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याला समदाई बरं, कारण पाणी उबदार आणि स्वच्छ असतं. कायकोराचं पाणी भर उन्हाळ्यातही १५ ते १८ अंशांच्या आसपास असतं, आणि तिथला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर ते फेब्रुवारी.

आता पोहण्याचं. पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून शिकलेल्या माणसाला पाण्याची भीती नसते, पण तीन सवयी मोडाव्या लागतात. पहिली, मुटका किंवा सूर मारून उतरायची. धप्पकन आवाज झाला की डॉल्फिन खाली जातात आणि लांब निघतात. बोटीच्या पायरीवर बसून सरकत, आवाज न करता पाण्यात जायचं. दुसरी, डोकं वर ठेवून हातपाय मारायची. इथं तोंड पाण्यात (श्वास नळीतून), हात अंगाशी, फक्त पाय चालवायचे, तेही मांडीपासून. गुडघ्यातून सायकल मारल्यासारखे चालवले की पोटरीत गोळा येतो. तिसरी, दमलं की काठ धरायची. समुद्रात काठ नसतो. दमलात तर उताणं होऊन तरंगा आणि हात वर करा. खाऱ्या पाण्यात अंग विहिरीपेक्षा हलकं वाटतं, त्यामुळे हे सोपं जातं.

म्हणून निघायच्या दोन महिने आधी तरणतलावात मास्क (डोळे-नाक झाकणारा काचेचा चष्मा), स्नॉर्कल (तोंडात धरायची श्वासाची नळी) आणि फिन (पायात घालायचे रबरी पंख) घालून सराव करा : आठवड्यातून तीनदा, न थांबता २०० मीटर. मास्क घेताना पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवून नाकानं श्वास आत ओढा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तरच घ्या. दाट मिशी असेल तर हमखास पाणी शिरतं. मिशीवर व्हॅसलिन लावलं की बरंच थांबतं. कुणी ती काढायला तयार असेल तर उत्तमच. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून नुसती विसळायची. स्नॉर्कलमध्ये पाणी आलं तर डोकं वर काढू नका, ‘फू’ करून एकदाच जोरात उडवा. हे चारदा जमल्याशिवाय समुद्रात जाऊ नका. घाबरण्याची सुरुवात बहुतेकांची इथूनच होते.

गार पाण्यात पहिला मिनिटभर धाप लागते. ती आपोआप बसते. तोवर शिडी धरून थांबा. वेटसूट (गार पाण्यासाठीचा रबरी पोशाख) घट्टच हवा, कारण आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेनं गरम होतो आणि ती ऊब सूटच्या रबरातले हवेचे बुडबुडे अडवून धरतात. ढगळ सूटमधून ते पाणी सारखं बदलत राहतं.

बोट लागणाऱ्याने गोळी निघायच्या तासभर तरी आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. झोप आणणाऱ्या गोळ्या पोहण्याआधी नकोत. कुठली चालेल ते डॉक्टरांना विचारा. उपाशीही जाऊ नका आणि तळलेलं खाऊनही नाही. बोटीत मागच्या बाजूला, क्षितिजाकडे बघत बसा.

आरक्षणाआधी इतकं विचारा : परवाना कुणाचा, एका वेळी किती जण पाण्यात, वाटाड्या सोबत उतरतो का, बोटीचा पंखा पूर्ण थांबल्यावरच उतरवतात का, आणि उतरता आलं नाही तर किती पैसे परत. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे बोट कळपाला कशी भिडवता? ‘समोर जाऊन आडवे उतरवतो’ असं उत्तर आलं तर सोडून द्या. रस्ता अडला की डॉल्फिन हमखास वळतात. चांगली बोट शेजारून, कळपाच्याच वेगाने समांतर चालते आणि बाजूला उतरवते. न्यूझीलंडच्या नियमात ३०० मीटरच्या आत तीनपेक्षा जास्त बोटी चालत नाहीत आणि पिल्लं असलेल्या कळपात पोहायचं नाही.

पाण्यात गेल्यावर डॉल्फिनमागे पोहू नका, तुम्ही कधीच गाठणार नाही. जागच्या जागी हळू गोल फिरा, स्नॉर्कलमधून गुणगुणा. गवळणसुद्धा चालेल, त्या आवाजाने कधी कधी ते बघायला येतात. जवळ आला तरी हात लावायचा नाही. शेपटी पाण्यावर आपटणं, जबडा खटकन मिटणं, कळप एकदम दाट होणं, लांब बुडी मारून दुसरीकडे निघणं यातलं काहीही दिसलं की वाटाड्या हाक मारायच्या आधीच शिडीकडे वळा.