झोपलेल्या राजकन्येला नेमकं काय टोचलं?

प्रश्न असा आहे : आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी ‘झोपलेली राजकन्या’ मराठीत नव्याने लिहायची आहे. तिच्या बोटाला जे टोचतं त्याला कुणी सुई म्हणतं, कुणी चरखा, कुणी चाती, तर कुणी टकळी. यातला कोणता शब्द घ्यावा?

टकळी, म्हणजे हाताने फिरवून सूत कातायची टोकदार काडी. आणि हा आवडीनिवडीचा मामला नाही, उत्तर गोष्टीतच आहे. ही गोष्ट जर्मनमध्ये सांगणाऱ्या ग्रिम बंधूंची १८५७ची शेवटची आवृत्ती बघा. टोचण्याचा शाप ऐकून राजा हुकूम काढतो की राज्यातल्या सगळ्या ‘श्पिंडल’ (सूत कातायच्या काडीचा जर्मन शब्द) जाळून टाका. पुढे पंधरा वर्षांची राजकन्या जुन्या बुरुजात जाते. तिथे एक म्हातारी जवसाचं सूत कातत बसलेली असते. राजकन्या विचारते, हे इतकं मजेत उड्या मारतंय ते काय? आणि ती वस्तू हातात घेते. म्हणजे ही वस्तू लाकडी आहे, हातात मावते आणि फिरताना नाचते. चरखा एका जागी बसलेला असतो, तो उड्या मारत नाही. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७च्या कथेतही राजकन्या ती वस्तू उचलते आणि ती हाताला लागते.

‘सुई’ घेतली तर गोष्टच मोडते. सुया जाळता येत नाहीत. शिवाय पंधरा वर्षांत राजवाड्यात कुणी टाका घातलाच नाही, हे मुलांना पटणार नाही. राजकन्येने ती वस्तू आयुष्यात कधी पाहिलेली नाही, म्हणून ती कुतूहलाने हात पुढे करते, आणि सगळी गोष्ट त्या कुतूहलावर उभी आहे.

‘चाती’ (काही ठिकाणी चात) हा चांगला मराठी शब्द आहे, पण तो चरख्याच्या एका भागाचा. चाकावरून येणारी माळ जिला फिरवते आणि जिच्या टोकाशी सुताला पीळ बसतो ती टोकदार लोखंडी सळई म्हणजे चाती. ती बोटाला खरोखरच टोचते, त्यामुळे गोष्ट भारतात आणून बसवणार असाल तर ‘चरख्याची चाती’ चालेल. मात्र मग उड्या मारण्याचं वाक्य गाळावं लागेल, आणि ते गाळू नये असं मला मनापासून वाटतं. मुलांना ती वस्तू डोळ्यांसमोर दिसते ती त्याच वाक्यामुळे.

टकळीबद्दल दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. आपल्याकडच्या शाळांत सूतकताईला जी टकळी असे ती कापसाची : धातूची बारीक काडी, खाली चकती, वर धागा अडकवायला आकडा. कापसाचा तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, त्याला भार सोसत नाही, म्हणून तिचं टोक बहुधा जमिनीवर किंवा वाटीत टेकवून फिरवतात. जवसाच्या खोडाचा वाख (तंतू) हातभर लांब आणि मजबूत असतो, त्यामुळे जवसाची टकळी धाग्याला लोंबकळत ठेवून फिरवतात. म्हणून ती हवेत नाचते. तेव्हा ‘लाकडी टकळी’ असंच लिहा, आणि म्हातारीच्या हातात पेळू (कातण्यासाठी वळलेली कापसाची गुंडाळी) देऊ नका, पेळू कापसाचा. शेजारी एक उभी काठी आणि तिला गुंडाळलेला जवसाचा झुबका दाखवा. त्या काठीला मराठीत रुळलेला शब्द नाही, तेव्हा वर्णन पुरे. मराठी मुलांना जवस भेटतो तो चटणीत, म्हणून ‘जवसाच्या खोडापासून निघणारे लांब धागे’ एवढं एकदा सांगून टाका.

दुसरी अडचण वाक्प्रचाराची. बहुतेक मुलांनी हा शब्द ‘काय टकळी लावलीय!’ एवढ्यातच ऐकलेला असतो. त्याची भीती नको. एकसारखी फिरणारी टकळी आणि एकसारखं चालणारं तोंड, हे नातं मुलांना लगेच कळतं आणि शब्द पक्का बसतो.

क्रियापदही तपासा. ‘म्हातारी विणत बसली होती’ ही चूक वारंवार दिसते. टकळीवर सूत कातलं जातं, कापड नंतर मागावर विणलं जातं.

वाक्य असं करता येईल : “आजीबाई, हे टुणटुण उड्या मारतंय ते काय?” असं म्हणत तिने टकळी उचलली, आणि टकळीचं टोक तिच्या बोटात रुतलं.

चित्रकारालाही हे आधीच सांगून ठेवा. पुष्कळ चित्रांत पायाने चालवायचं युरोपीय चाक काढलेलं असतं. त्यातल्या चातीभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराचा लाकडी फाटा असतो आणि धागा चातीच्या तोंडाशी असलेल्या भोकातून आत जातो. टोचेल असं उघडं टोक त्या चाकाला नसतंच.