फॅटी लिव्हर असताना कोलेस्टेरॉलची गोळी घेतली तर लिव्हर आणखी बिघडेल का?

तुमचे आकडे: वय 44, वजन 78 किलो, सोनोग्राफीत ग्रेड 1 फॅटी लिव्हर, एसजीओटी 40 आणि एसजीपीटी 64 (दोन्ही यकृताची एन्झाइम्स), प्लेटलेट 2.2 लाख, एकूण कोलेस्टेरॉल 214, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल 36, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी 240. डॉक्टरांनी रोसुवास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली कोलेस्टेरॉलची गोळी दिली आणि तुम्ही लिव्हरच्या भीतीने ती सुरूच केली नाही.

डॉक्टरांचं बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत आहे. फॅटी लिव्हर असलेल्या माणसांचे सर्वाधिक मृत्यू लिव्हरने नाही, हृदयविकाराने होतात. इन्शुलिनला शरीर दाद देईनासं झालं की यकृतात चरबी साठते. मग यकृत ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडत राहतं. त्यातून एचडीएल घटतं, एलडीएलचे, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलचे, कण बारीक आणि घट्ट होतात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत शिरतात. तुमच्या रिपोर्टमध्ये नेमकं हेच चित्र आहे. एलडीएल हिशेबाने 130 येतं, म्हणून फार वाईट वाटत नाही; पण एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा, 178 उरतात. हा आकडा साधारण 130 च्या खाली हवा. ट्रायग्लिसराइड वाढलेलं असताना एकट्या एलडीएलवर विसंबू नये.

आता लिव्हर. सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबी किती ते सांगतो, यकृत किती कडक झालंय ते नाही. त्यासाठी फिब-4 काढा: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे 2.2 लाखांच्या जागी 220. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. तुमचं: 44 × 40 = 1760; 220 × 8 = 1760; उत्तर 1. 1.3 च्या खाली म्हणजे यकृत बरंच कडक झालं असण्याची शक्यता कमी. त्याहून जास्त आलं असतं तर फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी, करा म्हटलं असतं.

एसजीपीटी 64 म्हणून स्टॅटिन टाळायचं कारण नाही. नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीपुढे गेलं तर डॉक्टर गोळीचा फेरविचार करतात. सिऱ्हॉसिस (यकृत व्रणांनी कडक होणं) बळावून कावीळ किंवा पोटात पाणी झालं असेल तर गोष्ट वेगळी. मात्र स्टॅटिनने यकृतातली चरबी फारशी उतरत नाही. ते काम वजनाचं.

वजन 7 ते 10 टक्के उतरवा, म्हणजे तुमच्यासाठी साडेपाच ते आठ किलो. सहा महिने घ्या. उपाशी राहून झटपट उतरवलं तर पित्ताशयात खडे होतात आणि यकृताची सूजही वाढू शकते. लोक तेल तोडतात, पण दिवसाचे चार साखरेचे चहा, पाकिटातला ज्यूस आणि उपवासाची साबुदाणा खिचडी तशीच राहते. साखर आणि पिष्टापासून यकृत स्वतःच चरबी बनवतं, म्हणून आधी तिकडे हात घाला. रात्रीच्या ताटात भात निम्मा, त्या जागी मोड आलेली मटकी किंवा डाळ. दारू पूर्ण बंद. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास दमदार चाल; वजन हललं नाही तरी यकृतातली चरबी व्यायामाने कमी होते.

‘लिव्हर साफ करणारे’ काढे नकोत. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले आहेत.

रक्तदाब आणि एचबीए1सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) तुम्ही लिहिलेले नाहीत, ते आधी करून घ्या. कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून. आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80 ही मर्यादा. गोळी सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल आणि एसजीपीटी पुन्हा करा. चालताना छातीत दाब आला किंवा एरवीच्या जिन्यावर धाप लागू लागली, तर मात्र तेवढं थांबू नका, लगेच दाखवा.