गोळ्या कमी केल्या म्हणजे हात टेकले असं नव्हे

प्रश्न : डॉक्टर, सात महिन्यांपूर्वी मी नवऱ्याला किडनी दिली. सगळं सुरळीत होतं. गेल्या महिन्यात त्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) १.२ वरून १.८ वर गेलं. ताप नाही, दुखणं नाही, लघवीही नेहमीसारखी. रक्तात 'बीके' नावाचा विषाणू निघाला, बायोप्सी झाली आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मायकोफेनोलेटच्या गोळ्या निम्म्या केल्या. 'एकही गोळी चुकवू नका' असं बजावणारे डॉक्टरच आता गोळ्या कमी करतात! त्यांनी आशा सोडली आहे का? सासूबाई म्हणाल्या, "तुझ्याच किडनीतून आला का गं हा विषाणू?" तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

उत्तर : ताई, आधी सासूबाईंच्या प्रश्नाचं बोलते, कारण झोप त्यानंच उडाली आहे. आला असेल, तुमच्या किडनीतून आला असेल. खोटा धीर मी देणार नाही. पण बीके विषाणू बहुतेक माणसांच्या शरीरात लहानपणीच शिरतो. तेव्हा फार तर थोडी सर्दी होते, अनेकांना तीही नाही. मग तो किडनीच्या आणि मूत्रमार्गाच्या पेशींत जन्मभर निपचित पडून राहतो. तुमच्या यजमानांमध्ये तो आधीपासून असू शकतो, सासूबाईंमध्येही असेल, माझ्यात तर बहुतेक आहेच. हा विषाणू नसलेलाच दाता हवा म्हटलं तर प्रत्यारोपणं बंद पडतील. तुम्ही निरोगी किडनी दिलीत. विषाणूला मोकळं रान मिळालं ते औषधांमुळे, आणि ती औषधं तर द्यावीच लागतात. तुमच्या उरलेल्या किडनीचीही काळजी नको, तुमची प्रतिकारशक्ती शाबूत आहे.

आता गोळ्यांचं. प्रत्यारोपण झालेली किडनी शरीराला परकी वाटते. तिच्यावर हल्ला होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. पण बीकेला झोपवून ठेवणारी शक्तीही तीच. ती फार दबली की विषाणू किडनीच्या पेशींत वाढतो, पेशी फुटतात, आणि क्रिएटिनिन चढायला लागतं. ताप येत नाही, काही दुखत नाही. म्हणून तर तो लक्षणांवरून कधीच वेळेत सापडत नाही, रक्तातला विषाणू मोजणारी पीसीआर तपासणी ठरल्या वेळी करावी लागते : पहिले नऊ महिने दर महिन्याला, पुढे दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत दर तीन महिन्यांनी.

पेच असा, की किडनी रिजेक्ट होत असली, म्हणजे शरीर तिला नाकारत असलं, तरीही क्रिएटिनिनच वाढतं. रिजेक्शनमध्ये औषधं वाढवायची, बीकेमध्ये कमी करायची. चूक झाली तर औषधच घात करतं.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. मी शिकत होते तेव्हा एका तरुणाचं क्रिएटिनिन असंच वाढलं. आम्ही रिजेक्शन धरून चाललो आणि तीन दिवस स्टेरॉइडची मोठी इंजेक्शनं दिली. आकडा उतरायचा सोडून चढतच गेला. बायोप्सीच्या काचा पुन्हा खास रंग देऊन पाहिल्या, तेव्हा पेशींच्या केंद्रकांत विषाणू दिसला. तोवर फार उशीर झाला होता. वर्षाच्या आत तो मुलगा परत डायलिसिसच्या खुर्चीत बसला. किडनी त्याच्या वडिलांनी दिलेली होती. ते शेजारी बसून असायचे, मला एक शब्द बोलले नाहीत. ते मला आजही आठवतं. म्हणून तुमच्या यजमानांच्या डॉक्टरांनी आधी विषाणू शोधला, बायोप्सी केली आणि मग गोळ्यांना हात लावला, हे वाचून मला बरं वाटलं. त्यांनी हात टेकलेले नाहीत, उपचार सुरू केले आहेत. बीकेवर खात्रीनं लागू पडणारं वेगळं औषध अजून नाही. औषधं उतरवून शरीरालाच लढू देणं हाच मुख्य उपाय.

पुढचे काही महिने धीराचे आहेत. विषाणूचा आकडा आठवड्याभरात पडत नाही, महिने लागतात. क्रिएटिनिन १.२ वर परत येईलच असं नाही. १.६ वर स्थिरावलं तरी मी समाधान मानीन. दरम्यान उलटं रिजेक्शन होत नाही ना, यासाठी रक्ततपासणी वारंवार होईल, ती चुकवू नका. टॅक्रोलिमसची पातळी बघायची असेल त्या सकाळी रक्त दिल्यावरच गोळी घ्यायची. आणि 'विषाणू औषधांमुळेच आला' असं समजून घरच्या घरी आणखी एक गोळी कमी करू नका. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर प्रत्यारोपणाची औषधं आधी सांगा : क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक किंवा बुरशीवरची काही औषधं टॅक्रोलिमसची पातळी एकदम वाढवतात, आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या तर नकोतच.

सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : माझा भाऊ डायलिसिसवर आहे. हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णाला वेगळ्या खोलीत वेगळं मशीन देतात, पण हिपॅटायटिस सी झालेले गृहस्थ भावाच्या शेजारीच असतात. हा निष्काळजीपणा नाही का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येणार नाही. बीचा विषाणू रक्तात प्रचंड संख्येनं असतो आणि वाळलेल्या रक्ताच्या न दिसणाऱ्या डागातही किमान सात दिवस तग धरतो. म्हणून त्याला खोली, मशीन, कर्मचारी सगळंच वेगळं. सीचा प्रसार होतो तो मुख्यतः हातांमुळे, न बदललेल्या ग्लोव्हजमुळे, अनेकांसाठी वापरलेल्या औषधाच्या कुपीमुळे. तिथे मशीन वेगळं करून फारसा फायदा होत नाही.

तेव्हा मशीनपेक्षा हात बघा. एका रुग्णाची सुई काढून टेक्निशियन दुसऱ्याकडे वळतो तेव्हा ग्लोव्हज बदलतो का, हात धुतो का? रक्त गोठू न देणारं हिपॅरिन रुग्णाच्या खुर्चीपाशी भरतात की स्वच्छ, वेगळ्या जागी? पाळी संपल्यावर खुर्ची आणि मशीनची बटणं पुसतात का? नसेल तर बोला. भाऊ सुईला जखडलेला असतो, त्याला संकोच वाटणारच. तुम्ही बोला.

बीची लस त्याला दिली आहे ना? डायलिसिसच्या रुग्णांना ती दुप्पट मात्रेत देतात, नेहमीच्या लसीचे सहसा चार डोस. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडी मोजायच्या; १० च्या खाली असतील तर संरक्षण नाही. नंतर दर वर्षी मोजायच्या. लस घेतल्यावर साधारण तीन आठवडे बीची तपासणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, त्या काळात करूच नये. मी अशा खोट्या रिपोर्टवर रडलेली घरं पाहिली आहेत.

सीला लस नाही, पण आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवांहून अधिक रुग्ण बरे होतात, डायलिसिसवर असले तरी. शेजारच्या गृहस्थांना हे कुणी सांगितलं आहे का, तेवढं विचारा. नुसती अँटीबॉडी बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते, विषाणू रक्तात अजून आहे का हे सांगणारी आरएनए तपासणी महत्त्वाची.

प्रश्न : बाबांच्या प्रत्यारोपणाला तीन महिने झालेत. काल दिवसभर ते नातीशी खेळले, आज तिच्या अंगावर कांजिण्या उठल्या. पुरळ आली तर दाखवायचं का?

उत्तर : पुरळ यायची वाट बघायची नाही. यांना मी पत्र मिळताच फोन केला, इथे इतरांसाठी छापते आहे. त्याच दिवशी प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवायचं, बाबांना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का हे सांगायचं. संपर्कानंतर दहा दिवसांच्या आत तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन देता येतं, नाहीतर विषाणूविरोधी गोळ्या. कांजिण्यांची लस मात्र आता द्यायची नाही, ती जिवंत विषाणूची असते. प्रत्यारोपण अजून व्हायचं असेल तर ती किमान चार आठवडे आधी घेऊन ठेवा.