जुना टेप, नवा प्लेअर

प्रश्न: माझ्या जुन्या ट्रकात कॅसेटचा टेप आहे. एमपीथ्री प्लेअर त्यावर कसा वाजवू? प्लेअरचं गाणं रेडिओवर ऐकवणारा एफएम ट्रान्समीटर लावला, पण नुसती खरखर. – एक ट्रकमालक, वडाळा

उत्तर: दादा, खरखर होणारच. मुंबईत ९१.१, ९२.७, ९३.५, ९८.३ अशी स्टेशनं दाटीवाटीनं बसलीत. रिकामी जागा सापडलीच, तरी घाट चढलात की पुन्हा शोधा! त्यापेक्षा कॅसेट अडॅप्टर घ्या. लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. कॅसेटसारखाच आत सरकवायचा, वायरची ३.५ मिलिमीटरची पिन प्लेअरच्या हेडफोनच्या भोकात. त्याआधी टेपचं हेड (आत कॅसेटला टेकणारा भाग) स्पिरिटनं पुसा, नाहीतर आवाज कोंदटच येणार. प्लेअरचा आवाज पाऊणपर्यंतच ठेवा, बाकीचा टेपवर वाढवा. आणि चार्जर कारचा उचलू नका. ट्रकला बहुधा २४ व्होल्ट असतात, नुसता १२ व्होल्टचा जळेल. ‘१२–२४’ छापलेलाच मागा.